आतून न उघडणारी कडी

११ मार्च

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू. घराचा लोखंडी जिना, एकही पायरी वाजत नाही. वरच्या मजल्यावरच्या चार खिडक्यांची ग्रिलं: दोन खिडक्यांत डोंगर, एकीत प्लमची फुलं, एकीत गिटार (मुलगी तेव्हा शिकत होती, पुढे तिनं सोडलं, गिटार खिडकीत राहिली). माझू देवीच्या देवळाचा डाव्या बाजूचा कठडा. उजवीकडचा दुसऱ्या कोणाचा आहे, बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. सोया सॉसच्या कारखान्यातल्या रांजणांची झाकणं उचलायचे आकडे. शेजारच्या खू आजोबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतरण. बायकोचं स्टूल, तिच्या गुडघ्याच्या मापाचं. गल्लीतली निम्मी ग्रिलं. आणि आमच्या दुकानाच्या घडीच्या जाळीदार दरवाजाची कडी.

आमच्या वॉर्डाचे प्रमुख, वॉर्डकाका, म्हणाले, "लिआओ, तुझ्या कामाची माहिती लिहून दे. देवीच्या उत्सवात पितळी पाटी देणार आहोत तुला." म्हणून लिहिलं. मला शिकवायला कोणी गुरू नव्हता, हेही लिहावं म्हणतो. वडील शेवया विकायचे. मी दुसऱ्यांच्या दुकानांसमोर उभा राहून वेल्डिंग बघितलं आणि डोळे सुजवून घेऊन शिकलो. शीलुओ गावात आज माझ्यासारखा सांधा कोणी मारत नाही.

कडीबद्दल नीट लिहायला हवं. ती पडत्या जिभेची आहे. बाहेरून दरवाजा ओढला की जीभ आपल्या वजनानं खाली पडते आणि खाचेत बसते. मग ती फक्त बाहेरून, किल्लीनं उघडते. आतून बोट, सुरी, तार, काहीही घातलं तरी वर येत नाही. कल्पना अशी की चोर आत सापडला, तर तो आतच राहिला पाहिजे. गिऱ्हाइकांना मी हे वाक्य कितीतरी वर्षं ऐकवत आलो आहे.

गेल्या महिन्यात ते खरं झालं. दुपारी एक पोरगा ग्रिलचा भाव विचारत आला. मग त्यानं फळं कापायची सुरी काढली. मी बाहेर पडलो आणि कडी लावली. पोलीस येईपर्यंत तो आतच होता. पेपरात बातमी आली. माझी बायको मेइ-चू हिच्या डाव्या तळहाताला जखम झाली, ती भरत आली आहे.

एवढं पुरे.


१३ मार्च

तशीच कडी हवी म्हणून गल्लीतून नऊ जणांनी सांगितलं आहे. फिशबॉलवाला थान म्हणाला, "लिआओदादा, मला दोन दे. एक दुकानाला, एक सासूच्या खोलीला."

आज चार झाल्या. जीभ घासून झाली की खाचेत टाकून बघावी लागते, खट्ट आवाज यायला हवा. आवाज आला आणि माझ्या हातातली कानस खाली पडली. पुन्हा टाकून बघितली, पुन्हा हात सुटला. हवा दमट आहे, मुठीला घाम येतो. कानशीच्या मुठीला कापड गुंडाळलं.

मेइ-चू हल्ली आपलं स्टूल बाहेर फुटपाथवर घेऊन बसते, घडीच्या दरवाजाच्या पलीकडे. शेंगा सोलते, फोन बघते, सगळं तिथेच. वीस वर्षं ती आत ऐरणीच्या शेजारी बसत आली. विचारलं, तर म्हणते, "आत उकडतं." मार्चमध्ये कसलं उकडतं?

तिनं धसका घेतला आहे, हे उघड आहे. बाईमाणूस आहे, घेणारच.


१६ मार्च

मी दुकानात मागच्या दारानं जायला लागलो आहे. सिलिंडर मागे ठेवले आहेत, तिकडून जाणं सोयीचं पडतं.

शेजारची वार्सी खू आजोबांना उन्हात घेऊन बसते. इंडोनेशियातल्या जावा बेटावरून इकडे तैवानला कामाला आलेली आहे, चार वर्षं आजोबांचं सगळं करते. पूर्वी मी जाता-येता तिला काहीतरी बोलायचो. आता ती समोर दिसली की मला काहीतरी आणायचं आठवतं आणि मी परत आत वळतो. त्या दुपारीही ती तिथेच बसली होती, खुर्चीच्या मागे, हातात आजोबांचं सूपचं भांडं.


१९ मार्च

मेइ-चूच्या हाताचे टाके काढून आणले. डॉक्टरांनी तळहात उघडझाप करायला लावला. करंगळी पूर्ण मिटत नाही. म्हणाले, व्यायाम करा, होईल.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली, पण तिनं मला धरलं नाही. सीटच्या मागची दांडी धरली. दुखऱ्या हातानं.

ठरवलं, तिला सू आजींकडे न्यायचं. आमच्याकडे लहान मूल दचकलं, कुत्रं अंगावर आलं, अपघात झाला, की माणसाचा जीव त्या जागेवर सांडतो असं म्हणतात आणि आजी तो धसका वेचून परत आणून देतात. मी फार मानत नाही. लोखंड तापतं, थंड होतं, त्याला कोणाचा जीव सांडत नाही. पण बायकांना त्यानं बरं वाटतं. आजींचा नियम एकच: दचकलेल्या माणसानं त्या वेळी अंगात घातलेला कपडा आणायचा. दुसरा चालत नाही. मेइ-चूला म्हणालो, "तुझा तो निळा ब्लाउज पिशवीत घाल."

"घालते," म्हणाली.


२० मार्च

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

सू आजींच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. आणखी एक सून कडेवर रडकं पोर घेऊन आली होती, तिचं आधी झालं. मग आजींनी आमची पिशवी घेतली. मापटं तांदळानं काठोकाठ भरलं, त्यावरून हात फिरवून सपाट केलं, आणि पिशवीतला कपडा काढून मापट्याभोवती घट्ट गुंडाळला.

निळा ब्लाउज नव्हता. माझा सदरा होता.

मी ओळखणार नाही असं होणारच नाही. तिसरं बटण तुटलं होतं, तिथे मी तांब्याच्या तारेची कडी वळून बसवली होती. त्या दिवसानंतर मी तो सदरा मागच्या दाराबाहेर, सिलिंडरांच्या मागे कोंबला होता. का, ते मला सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "आजी, चुकून दुसरा कपडा आला."

मेइ-चू म्हणाली, "चुकून नाही आला."

आजींनी उदबत्त्या पेटवल्या, मापटं वर धरलं आणि हाका मारायला लागल्या: "लिआओ क्वन-हुई, घोड्याच्या वर्षी जन्मलेला, शीलुओ गावचा, परत ये. दारातून परत ये, रस्त्यातून परत ये." बायकोनं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, जन्माच्या वेळेसकट. घरच्या माणसानं अशा वेळी "आला" म्हणायचं असतं. आजी थांबल्या. मेइ-चूनं "आला" म्हटलं नाही. ती बोटं मोजल्यासारखी एकेक करून मिटत होती.

आजींनी सदरा सोडला. तांदळाला एका बाजूनं खड्डा पडला होता. त्या म्हणाल्या, "हा माणूस दारातच उभा आहे. ना आत, ना बाहेर. पाय थंड पडतात का रे तुझे?"

मी म्हणालो, "मापटं एका बाजूला कललेलं आहे. बूड सपाट नाही. मी तुम्हाला दुसरं करून देतो."

आणि उठून बाहेर आलो.


२१ मार्च

कडी क्रमांक सहा आणि सात.


२५ मार्च

ताइचुंगहून मुलीचा फोन. फाङ-यू तिकडे इस्पितळाच्या कचेरीत काम करते, त्यामुळे तिला सगळ्या रोगांची नावं पाठ. म्हणाली, "बाबा, असं झालेल्या माणसांसाठी वेगळे डॉक्टर असतात. झोप जाते, आवाजानं दचकायला होतं, त्या जागेवर जाववत नाही. मनाला इजा होते ती. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. मी नंबर लावते."

मी म्हणालो, "बरोबर आहे, लाव. तिला समजावणं मात्र तुझ्याकडे. ती माझं ऐकत नाही, सारखी फुटपाथवर बसते."

तिनं माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "बाबा, मी आईबद्दल बोलत नाहीये."

मी सांगितलं, की सांध्याचं काम अर्धवट आहे, नंतर बोलू. सांध्याचं काम नव्हतं.


२९ मार्च

ताइचुंगच्या एका कुलपांच्या कंपनीचा माणूस आला होता. वेई नाव. बूट चकचकीत, पण कडी हातात घेतली तेव्हा कळलं की माणूस जाणकार आहे. नखानं जिभेची धार बघितली, खाच बघितली आणि म्हणाला, "लिआओ मास्तर, ही खाच तुम्ही मशीनवर नाही मारली."

"कानशीनं."

"सगळी?"

"सगळी."

मला आयुष्यात कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. गल्लीत सगळे लिआओ, नाहीतर लोखंडवाला म्हणतात.

त्यांना कडी विकत हवी आहे. 'चोर पकडणारी कडी' या नावानं ते ती बाजारात आणणार. एक छोटी चित्रफीत करायची, आम्हा दोघांना घेऊन: मेइ-चू आतून ओरडते, "कडी लाव!" आणि मी लावतो. पोलिसांच्या कागदात तसंच आहे. तिनंच जबाब दिला होता, की "मी ओरडून नवऱ्याला सांगितलं, कडी लाव, माझी काळजी करू नको."

पेपरातही तेच आलं होतं. वॉर्डकाका म्हणाले होते, "काय बाई आहे! आणि काय नवरा!"

मी वेईला सांगितलं, परवा या.

मेइ-चूला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुझी कडी आहे. तू ठरव."


३१ मार्च

अक्षर वाईट येईल.

वेई आला, बरोबर फोन धरायला एक मुलगी. वॉर्डकाकाही आले, नवा सदरा घालून, कोणी बोलावलं नसताना. मेइ-चू आत जाऊन ऐरणीपाशी उभी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती आत गेली, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही पळत बाहेर या आणि दरवाजा ओढा. मग मावशी ओरडतील. सुरू!"

मी बाहेर आलो. दरवाजा ओढला. खट्ट.

मेइ-चूनं जाळीला दोन्ही हातांनी धरलं. तोंड उघडलं. आणि ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, जसं कोणी विसरलेली पिशवी आठवून देतं:

"मी आत आहे."

वॉर्डकाका हसले. "वहिनी, अहो, ते वाक्य नाही. कडी लाव, असं आहे."

"मी आत आहे," ती पुन्हा म्हणाली. माझ्याकडे बघत.

किल्ली माझ्या खिशात होती. काढली. भोक सापडेना. हे भोक मी स्वतः पाडलं आहे, डोळे मिटून सापडावं असं. हात हलत होता, किल्ली पत्र्यावर नुसती टकटक आपटत होती. छातीत भट्टीचा भाता चालल्यासारखं झालं, कानात शिट्टी, आणि तो सगळा रस्ता, वेई, फोन, लांब गेला. मी उकिडवा बसलो. लोकांसमोर, माझ्याच दुकानाच्या दारात.

कोणीतरी माझ्या मुठीतून किल्ली काढून घेतली. वार्सी होती. तिनं कडी उघडली. ती म्हणाली, "शेठ, श्वास घ्या. ताईंना बाहेर काढलंय. बघा, बाहेर आहेत."

वेई म्हणाला, घाई नाही, आम्ही थांबू. जाताना वाकून नमस्कार केला. कडीचे किती पैसे देणार, तो आकडा लिहिलेलं पाकीट ठेवून गेला. ते मी उघडलं नाही.


१ एप्रिल

आता खरं लिहितो. हात आज बरा आहे.

पोरानं सुरी काढली तेव्हा तो माझ्यापासून दूर होता. मेइ-चूच्या जवळ होता. माझ्या हातात ग्राइंडर होता. मी तो खाली ठेवला, नीट, तारेवर पाय पडू नये असा, आणि बाहेर गेलो. कोणी मला सांगितलं नाही. दरवाजा मी ओढला. हातानं ओढला म्हणतो, पण तो हात मला माझा वाटला नाही. रोज संध्याकाळी बाहेर जाताना ओढतो तसा त्यानं ओढला. खट्ट झालं. तिनं जाळीला धरून म्हटलं, मी आत आहे. मी ऐकलं. किल्ली खिशात होती.

मी काढली नाही. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि पोलिसांना फोन केला, आणि ते येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. खू आजोबा आणि वार्सी या बाजूला होते, मी त्या बाजूला. वार्सीनं मला बघितलं.

पोराला पळायचं होतं. दार उघडं असतं तर तो पैसे घेऊन पळाला असता, हात कापला गेलाच नसता.

एवढं लिहून मी स्वयंपाकघरात गेलो. ती पालकाची जुडी निवडत होती. मी म्हणालो, "तू पोलिसांना खोटं का सांगितलंस?"

"काय सांगायला हवं होतं?" ती म्हणाली. "माझा नवरा लोखंडाचा आहे, फक्त आतून मऊ आहे, असं?"

"मी..."

"तो पोरगा तुझ्याहून जास्त घाबरला होता. जाळी हलवत होता. मला म्हणतो, मावशी, किल्ली कुठाय? मी म्हटलं, बाहेरच्या माणसाच्या खिशात. मग त्यानं कडीत सुरी घातली. मी म्हटलं, नाही उघडणार रे बाबा, कानशीनं केलीय. त्याचा हात सटकला, तो माझ्या हातावर. मग बसला रडत. मी ॲप्रन गुंडाळला हाताला आणि त्याला म्हटलं, गप बस. कोणाकोणाला गप करू मी?"

मी जुडीतलं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

"पोलीस आले," ती म्हणाली, "तेव्हा तू रस्त्यापलीकडे उभा होतास आणि सगळी गल्ली बघत होती. आणि मला तुझी कीव आली. म्हणून सांगितलं. मी तुझं तोंड राखलं. तू माझं काय राखलंस?"

पालक तसाच राहिला. संध्याकाळी भात आणि अंडं खाल्लं. तिनं मला वाढलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.


५ एप्रिल

पूर्वजांच्या कबरी झाडायचा दिवस. गवत मी कापलं, तिनं फळं मांडली. उदबत्ती धरून उभा राहिलो. वडिलांना दरवर्षी काहीतरी सांगतो, नवं मशीन घेतलं, मुलगी नोकरीला लागली. आज काही सांगता आलं नाही.

मेइ-चूनं सांगितलं, मोठ्यानं, शेजारच्या कबरीवरची माणसं वळून बघतील असं: "पप्पा, तुमचा मुलगा कड्या फार छान करतो."


८ एप्रिल

वार्सीचे आभार मानायला गेलो. आठ दिवस जमलं नव्हतं. आजोबा उन्हात डुलक्या घेत होते. मी म्हणालो, "तू त्या दिवशी सगळं बघितलंस."

"बघितलं."

"कोणाला बोलली नाहीस."

ती आजोबांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "शेठ, आमच्या गावी चोर आले होते. मी लहान. माझे वडील गोठ्यात लपले. आई, मी, भाऊ घरात. चोर कोंबड्या आणि आईच्या बांगड्या घेऊन गेले. वडील नंतर दोन वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. गोठ्यात जेवायचे. गावातल्या म्हाताऱ्यानं मंतरलेलं पाणी दिलं, त्यांनी ते सांडून टाकलं. म्हणाले, मला काय झालंय?"

"तुम्ही सगळे चिडला असाल त्यांच्यावर," मी म्हणालो.

"पहिले काही दिवस. मग नाही. मग आम्हाला एवढंच वाटायचं की त्यांनी आत येऊन जेवावं." तिनं माझ्याकडे बघितलं. "ते लपले, ते एक रात्र. नंतरची दोन वर्षं, ती त्यांनी केली."

आजोबा जागे झाले आणि म्हणाले, "सूप?"

"आत्ताच झालं, आजोबा."


१० एप्रिल

एकटाच सू आजींकडे गेलो, सदरा घेऊन. नवं मापटंही नेलं, जस्ताच्या पत्र्याचं, बूड तपासून. आजींनी ते उलटंसुलटं बघितलं आणि बाजूला ठेवलं. जुनंच घेतलं.

"माणूस आधी दुसऱ्याचं बूड वाकडं म्हणतो," त्या म्हणाल्या.

तांदूळ भरले, सदरा गुंडाळला. हाका सुरू झाल्या. लिआओ क्वन-हुई, घोड्याच्या वर्षीचा, परत ये. दारातून परत ये. मी डोळे मिटून बसलो होतो. मला लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेला माणूस, रडक्या पोरांच्या रांगेत. आजी थांबल्या. उत्तर द्यायला माझ्याबरोबर कोणी नव्हतं, आणि स्वतःचं उत्तर स्वतःला देता येत नाही.

दारातून आवाज आला: "येतोय म्हणावं. अजून आला नाही, पण येतोय."

मेइ-चू होती. भाजीची पिशवी हातात, चपलाही न काढता. आजी हसल्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत असं उत्तर कोणी दिलं नव्हतं, पण चालेल.

तांदळात काय दिसलं, ते मी विचारलं नाही.

मुलीला फोन केला. म्हणालो, त्या डॉक्टरांचा नंबर लाव. कोणासाठी, तिनं विचारलं नाही.


१२ एप्रिल

वॉर्डकाकांकडे गेलो. चहा ओतला त्यांनी. मी म्हणालो, "काका, पाटी नको."

"का? पितळेची आहे. बत्तीस अक्षरं आहेत."

सांगितलं. सगळं, क्रमानं, ग्राइंडर खाली ठेवण्यापासून. त्यांनी चहाचा पेला तीनदा उचलला आणि तीनदा न पिता ठेवला. शेवटी म्हणाले, "अरे, सुरी बघितली की कोणाचंही... मीही कदाचित... पण हे बाहेर कशाला बोलतोस? वहिनींनी जबाब दिलाय. लोकांना तू चोर पकडणारा माहीत आहेस. गावाला एक तरी माणूस असा हवा असतो."

"तो मी नाही."

"आणि अक्षरं कोरून झालीत रे!"

पोलीस चौकीतही जाऊन आलो. जबाबात दुरुस्ती करायची म्हटल्यावर तिथला अंमलदार वैतागला. चोर पकडला गेला आहे, कबूल झाला आहे, कडीनं काय फरक पडतो? मी म्हणालो, त्यानं माझ्या बायकोचा हात मुद्दाम नाही कापला, सुरी सटकली, कारण दार बंद होतं. दार मी बंद केलं होतं, बायकोनं सांगितलं नव्हतं. लिहा. त्यानं लिहिलं. सही करताना हात हलला नाही.


१५ ते १८ एप्रिल

नऊही घरी जाऊन सगळ्या कड्या काढल्या. जागी दुसऱ्या बसवल्या, आतून अंगठ्यानं दाबली की उघडणाऱ्या. पैसे घेतले नाहीत. प्रत्येक घरी कारण विचारलं, प्रत्येक घरी सांगितलं. पहिल्या घरी अर्धं सांगून थांबलो. शेवटच्या घरापर्यंत पूर्ण सांगता येऊ लागलं होतं, आणि ते सोपं झालं नव्हतं.

फिशबॉलवाला थान हसला. "म्हणजे, दादा, तू बायकोला चोराबरोबर कोंडलंस? आणि आम्ही तुला..." पोट धरून हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ, तेलात फिशबॉल सोडता सोडता. मग म्हणाली, "माझ्या आईच्या खोलीची पण काढा, लिआओदादा. आधी ती काढा."

गल्लीच्या टोकाला पोरं मला बघून "मी आत आहे, मी आत आहे" करतात. कोणीतरी सांगितलं असणार. चालायचंच.


२० एप्रिल

सगळ्यात शेवटी आमची. तिला मी हात लावत नव्हतो. आज समोरून, पुढच्या दारानं, आलो. ग्राइंडर लावला. माझाच सांधा, कापायला वेळ लागला. चांगला मारलेला सांधा कापताना वाईट वाटतं, ते लपवणार नाही. जीभ खाली पडली. नवी बसवली. आतून, बाहेरून, दोन्हीकडून उघडणारी. मेइ-चू फुटपाथवरच्या स्टुलावरून बघत होती.

मी म्हणालो, "तूच बघ एकदा."

ती उठली, आत गेली, दरवाजा स्वतः ओढला. मी बाहेर. अंगठ्यानं दाबलं, उघडलं. पुन्हा ओढला, पुन्हा उघडलं. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही, पण अंगठा ठीक आहे. सहा-सात वेळा तेच केलं. माझ्या पाठीला दर वेळी घाम फुटत होता, तरी मी तिथून हललो नाही.

"आवाज कमी येतो हिचा," ती म्हणाली.

"रबर लावलंय."

ती परत बाहेर जाऊन बसली.


२३ एप्रिल

सकाळी मागून आलो नाही, पुढून आलो. स्टूल आत होतं. ऐरणीच्या शेजारी नव्हतं, पूर्वीच्या जागेवर नव्हतं. दरवाजाच्या अगदी आत, हात पोचेल एवढ्यावर. तिच्या मांडीवर शेंगांची परडी होती. ती म्हणाली, "उजेड अडवू नको."

मी बाजूला झालो.

दुपारी वेईचा फोन. त्यांना चित्रफीत नसली तरी चालेल म्हणाला. फक्त जुनी कडी, 'चोर पकडणारी कडी' हे नाव, आणि खोक्यावर आम्हा दोघांचा फोटो. मी म्हणालो, कडी कापली. तो म्हणाला, तुम्ही दुसरी करू शकता, मास्तर. करू शकतो, म्हणालो, पण करणार नाही.

मेइ-चूनं मान वर न करता विचारलं, "किती देत होते?"

मग वेईनं ठेवलेलं ते पाकीट मी पहिल्यांदा उघडलं आणि तिला वाचून दाखवलं. बारा लाख तैवानी डॉलर. ती म्हणाली, "बरं झालं, आधी उघडलं नाहीस," आणि पुढची शेंग सोलायला घेतली.